पलंगाखाली नेमकी कोणाची भीती? बालपणीच्या आघातावर पहिला भय-लघुपट करणाऱ्यांसाठी

भयपटात लहान मूल घातलं की अर्धं काम झालं, असं पहिल्यांदा लघुपट करणाऱ्या पुष्कळांना वाटतं. आपोआप हलणारा रिकामा झोपाळा, शेजारच्या खोलीतून येणारी अंगाई, भिंतीवर खडूने काढलेला लांब हातांचा माणूस. या गोष्टी घाबरवतातही, खोटं कशाला बोला. पण ‘हे मूल कोण आहे?’ असं विचारलं की दिग्दर्शक गप्प होतो. ते घरात कोणती भाषा बोलतं, रात्री एकटं झोपतं की चौघांच्या मध्ये, त्याच्या खोलीला आतून कडी आहे का, त्याने काही सांगितलं तर खरं कोण मानेल, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग शूटच्या आठवडाभर आधी कुणीतरी म्हणतं, यात विविधता नाही. लगेच शाळेतली मैत्रीण वेगळ्या धर्माची होते, शेजारचे आजोबा व्हीलचेअरवर बसतात आणि सगळ्यांना बरं वाटतं.

तोवर फार उशीर झालेला असतो. पडद्यावर कोण दिसणार हा प्रश्न भीती ठरवतानाच सोडवावा लागतो. आघात मुलाला एकटं गाठत नाही. त्याची भाषा, त्वचेचा रंग, शरीर, घरची पैशाची स्थिती, या सगळ्यासकट त्याला गाठतो. ते सगळं वजा करून उरलेलं ‘कुठलंही मूल’ पडद्यावर आणलं तर प्रेक्षक दचकेल, पण त्या मुलासाठी घाबरणार नाही.

मी ज्या क्रमाने काम करते त्याच क्रमाने पुढे सांगते. उदाहरणाला माझीच एक बारा मिनिटांची संहिता घेतली आहे. एक कुटुंब नुकतंच परक्या भाषेच्या देशात राहायला आलं आहे. आईला तिथली भाषा येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला शाळेमुळे येते. त्यामुळे घरमालक, सरकारी कार्यालय, दवाखाना, सगळीकडे दुभाषी तीच. एके दिवशी डॉक्टर आईच्या तब्येतीबद्दल एक वाक्य बोलतात आणि मुलगी आईला वेगळंच काहीतरी सांगते. त्या रात्रीपासून घरात एक आवाज तेच वाक्य डॉक्टरांच्या भाषेत पुन्हा पुन्हा बोलू लागतो, आणि दर वेळी भाषांतराची वाट पाहत थांबतो.

१. मूल आणि भीती एकाच बैठकीत ठरवा

आधी छान भूत सुचतं, मग त्याच्यासमोर उभं करायला मूल शोधलं जातं. ही सवय पहिल्यांदा मोडा. कागद घ्या आणि तुमच्या मुलाबद्दल या प्रश्नांची उत्तरं लिहा. घडलेलं सांगायला त्याच्याकडे शब्द आहेत का, आणि कोणत्या भाषेत? त्याचं ऐकणारा मोठा माणूस कोण, आणि तो का ऐकणार नाही? पळून जायचं तर ते कुठे जाऊ शकतं? मदतीला कोणाला बोलावण्याची त्याला भीती वाटते? त्याचं शरीर त्याला कशात साथ देतं आणि कशात देत नाही?

शेवटून दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ घालवा. भयपटातल्या पात्रांनी पोलिसांना फोन का केला नाही, हा प्रेक्षकांचा आवडता आक्षेप असतो. लेखक बिचारा मग फोनची बॅटरी संपवतो, रेंज घालवतो. पण ज्या घराला आपण इथून हाकलले जाऊ अशी धास्ती असते, त्या घरातलं मूल फोन हातात असूनही करत नाही. ज्या मुलीला शेजाऱ्यांनी एकदा चोर ठरवलं आहे ती शेजाऱ्यांचं दार वाजवत नाही. बहिरा मुलगा हाक ऐकून सावध होत नाही, पण जमिनीतून येणारा पावलांचा कंप त्याला कदाचित सगळ्यांच्या आधी कळतो. मुलाची नेमकी ओळख ठरली की कथेतली भोकं आपोआप बुजतात आणि बॅटरी संपवावी लागत नाही.

माझ्या संहितेत पहिल्या खर्ड्यात मुलीला अंधाराची भीती होती. तो खर्डा फेकून द्यावा लागला, कारण तिला खरं तर चुकीचा शब्द निवडण्याची भीती आहे. हे कळलं तेव्हा भूत बदललं. ते आता तिच्या अंगावर धावून येत नाही. ते फक्त म्हणतं, ‘नीट सांग.’

२. आघाताबद्दल वाचा, पण कोणावरून लिहिलंय तेही पाहा

बालपणीच्या आघातावर कुठेही वाचायला घेतलंत तर १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा उल्लेख येतोच. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने एका आरोग्य विमा संस्थेबरोबर तो केला. सतरा हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं. त्यातून घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, आईला होणारी मारझोड, घरात कुणाचं व्यसन किंवा तुरुंगवास अशा दहा प्रकारांची यादी तयार झाली. ती आजही वापरतात. पण ज्यांना विचारलं ते बहुतांशी गोरे, शिकलेले आणि विमा परवडणारे लोक होते. पुढे फिलाडेल्फिया शहरात याच धर्तीवर पाहणी झाली तेव्हा यादीत भर पडली: वंशभेद, वस्तीतली हिंसा पाहणं, असुरक्षित परिसर, इतर मुलांकडून होणारा छळ, परक्या घरात सांभाळायला दिलं जाणं. कोणाला विचारलं यावर आघात म्हणजे काय याचं उत्तर बदललं. तुमच्या लघुपटातही तेच होणार आहे. तुमच्या ओळखीच्या चारच घरांवरून लिहिलंत तर आघात नेहमी दारू पिणाऱ्या बापाच्याच रूपाने येईल.

दुसरं वाचण्यासारखं काम मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांचं आहे. जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात शाळेची बस पळवली गेली. चालक आणि पाच ते चौदा वर्षांची २६ मुलं. त्यांना एका खाणीत जमिनीखाली पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडण्यात आलं होतं. सुमारे सोळा तासांनी ती सगळी स्वतःच वर आली, जिवंत. टेर त्या मुलांशी काही महिन्यांनी बोलल्या आणि मग चार-पाच वर्षांनी पुन्हा. त्यांनी टिपलेल्या तीन गोष्टी भयपट लिहिणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

एक म्हणजे खेळ. आघात झालेली मुलं तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा खेळतात. त्या खेळात मजा नसते, शेवट बदलत नाही, आणि खेळून झालं तरी मन हलकं होत नाही. दुसरी म्हणजे शकुन. मुलं मागे वळून पाहतात आणि ‘त्या दिवशी सकाळी अमुक झालं होतं, तीच खूण होती, मला कळायला हवं होतं’ असं ठरवून टाकतात. तिसरी म्हणजे काळाची उलटापालट. आधीचं नंतर झाल्यासारखं आठवतं, नंतरचं आधी.

भयपटाचं सगळं व्याकरण या तीन गोष्टींत आलं. पुनरावृत्ती, पूर्वसूचना, विस्कटलेला काळ. फरक इतकाच की सर्वसाधारण भयपटात शकुन खरा ठरतो. मुलाच्या मनात मात्र तो अपराधाची जागा असतो. ‘मी ती खूण ओळखली असती तर’. हा फरक पकडलात तर तुमचा लघुपट गर्दीतून उठून दिसेल.

माझ्या संहितेतली मुलगी बाहुल्यांचा दवाखाना मांडते. डॉक्टर बाहुली बोलते, आई बाहुली ऐकते, आणि मधली बाहुली, जी खरं तर नुसता बटणांचा डबा आहे, काहीच बोलत नाही. मुलगी डबा हलवते. बटणं वाजतात. पुन्हा मांडते, पुन्हा हलवते. संपूर्ण लघुपटात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या चाळीस सेकंदांची, आणि त्यात भूत नाही.

एक सावधगिरी. आघात झालेलं मूल म्हणजे किंचाळणारं, शून्यात पाहणारं, काळी चित्रं काढणारं मूल, असं समीकरण करू नका. काही मुलं कमालीची शहाणी होतात. कुणाला त्रास देत नाहीत, पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतात, घरात कोणाचा पाय कसा वाजतो यावरून मूड ओळखतात. कोणत्या मुलाला किंचाळायची परवानगी असते आणि कोणाला नसते, हाही प्रतिनिधित्वाचाच भाग आहे.

३. राक्षसाला कोणाचं शरीर दिलंत ते तपासा

इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून लांबण लावते. माझ्या पहिल्या लघुपटातल्या खलनायकाच्या चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण होते. मेकअपवाल्याने जीव ओतून काम केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. प्रदर्शनानंतर एक गृहस्थ भेटले. त्यांच्या गालापासून मानेपर्यंत तसेच व्रण होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘मुलीला घेऊन आलो होतो, पण मधेच बाहेर गेलो.’ एवढंच. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. तो लघुपट मी नंतर कुठेच पाठवला नाही.

चेहऱ्यावरचे व्रण म्हणजे दुष्टपणा, ही खूण सिनेमात इतकी रुळली आहे की ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये अशा खलनायकांच्या चित्रपटांना यापुढे पैसे देणार नाही असं जाहीर केलं. व्रणांसारख्याच इतर सोप्या खुणाही आहेत: मनोरुग्ण, पांढऱ्या केसांची एकटी म्हातारी, स्त्रीचे कपडे घातलेला पुरुष, कुबड, अडखळती वाचा, अल्पसंख्य समाजाची पूजापद्धती किंवा न समजणारी प्रार्थना. शेवटची तर फारच सर्रास वापरली जाते. एखादी भाषा आपल्याला कळत नाही, एवढ्यावर ती शाप ठरते.

बालपणीच्या आघाताच्या कथेत आणखी एक खड्डा आहे. ‘लहानपणी छळ झाला म्हणून मोठेपणी खुनी झाला.’ तुमच्या प्रेक्षकांत असं बालपण गेलेली माणसं नक्की बसलेली असतील. त्यांना तुम्ही सांगता की तुमच्या आत राक्षस वाढतो आहे. हा शेवट करायचाच असेल तर त्याच्याबरोबर तशाच घरातून आलेलं दुसरं पात्रही कथेत हवं, जे जगतं, चिडतं, हसतं, कोणाला मारत नाही.

तपासायची साधी पद्धत सांगते. तुमच्या राक्षसाचं वर्णन दोन वाक्यांत लिहा, पण त्याच्या शरीराबद्दल, आजाराबद्दल, जातीधर्माबद्दल, वयाबद्दल एकही शब्द न वापरता. फक्त त्याला काय हवं आहे आणि ते मिळवायला तो काय करतो, एवढंच. दोन वाक्यं लिहिता आली नाहीत तर तुमच्याकडे राक्षस नाही, फक्त मेकअप आहे.

४. ज्यांनी ते जगलंय त्यांना संहिता द्या, आणि मोबदला द्या

स्वतःच्या अनुभवापलीकडचं लिहू नये, असं मी म्हणत नाही. पण मग त्या अनुभवातल्या माणसांना लिखाणाच्या टप्प्यावर घ्या. शूटिंग झाल्यावर दाखवून ‘चालेल ना?’ विचारण्याला काही अर्थ नाही. तेव्हा समोरचा भिडेखातर हो म्हणतो. निदान दोघांना विचारा, कारण एक माणूस म्हणजे सगळा समाज नव्हे. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, श्रेयनामावलीत नाव द्या, आणि नाव नको असेल तर तेही मान्य करा.

विचारायचं काय? ‘तुमच्यावर काय गुजरलं ते सांगा’ असं चुकूनही नाही. कोणाची जखम उकरून तुमचा लघुपट खरा होत नाही, आणि त्यांच्यावर मात्र दिवसभर त्याचं सावट राहतं. प्रश्न संहितेबद्दल विचारा. या खोलीत काय चुकलंय? ही मुलगी इथे असं बोलेल का? या वाक्याला ती कुठे बघत असेल?

लहानपणी आईवडिलांसाठी दुभाषाचं काम केलेल्या एका बाईंनी माझी संहिता वाचली. मी लिहिलं होतं की डॉक्टर बोलतात तेव्हा मुलगी घाबरून डॉक्टरांकडे बघते. त्या म्हणाल्या, ‘छे. ती आईकडे बघेल. शब्द आईच्या चेहऱ्यावर कसा बसेल ते आधी पाहिल्याशिवाय बोलता येत नाही.’ त्या एका वाक्याने सीनमधला कॅमेरा फिरला. आता डॉक्टर फोकसबाहेर आहेत, नुसता आवाज. मुलगी आईचे हात बघते. आई पर्सच्या चेनशी चाळा करते आहे. चेन थांबते.

५. कास्टिंग झाल्यावर संहिता पुन्हा वाचा

ऑडिशनच्या जाहिरातीत जे लिहाल तेच लोक येतात. ‘गोड दिसणारी मुलगी, वय ९’ असं लिहिलंत तर ठरावीक रंगाच्या आणि ठरावीक शाळांतल्या मुली येतील. त्याऐवजी भूमिकेची गरज लिहा: दोन भाषा बोलणारी, शांत बसू शकणारी. पात्र अपंग असेल तर अपंग कलाकारच शोधा, आणि ऑडिशनची जागा, प्रसाधनगृह, मेकअपची खोली तिथवर त्याला पोचता येतं का ते आधी स्वतः जाऊन पाहा. २०१८ च्या ‘अ क्वाएट प्लेस’ मध्ये बहिऱ्या मुलीची भूमिका मिलिसेंट सिमंड्स या बहिऱ्या अभिनेत्रीने केली आहे, आणि तिच्या बाजूने जग दाखवताना ध्वनिपट्टीवरचा आवाजच काढून घेतला आहे. कलाकाराच्या निवडीतून पटकथेला नवं हत्यार मिळतं ते असं.

‘जो उत्तम तो घ्या, रंग पाहू नका’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ घ्या. नायक बेनची भूमिका कृष्णवर्णीय नटासाठी म्हणून लिहिलेली नव्हती. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो सांगत की ड्वेन जोन्सची ऑडिशन सर्वांत चांगली झाली, म्हणून त्याला घेतलं. पण एकदा तो पडद्यावर आला की शेवट बदलला. जिवंत झालेल्या प्रेतांपुढे रात्रभर तगलेल्या त्या माणसाला सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी गोळी घालते. वंशभेदाने धगधगणाऱ्या त्या वर्षीच्या अमेरिकेत त्या दृश्याचा एकच अर्थ लागू शकत होता. तिथे तो अर्थ चित्रपटाला मोठा करून गेला. तुमच्या लघुपटात तो उलटाही फिरू शकतो. पहिल्यांदा मरणारं पात्र कोण करणार हे ठरल्यावर तो सीन पुन्हा वाचा. मूल आणि त्याला दटावणारी शिक्षिका यांच्या चेहऱ्यांत आता कोणता इतिहास उभा राहिला ते पाहा. कास्टिंग हा संहितेचा शेवटचा खर्डा असतो.

६. पडद्यावरचं मूल घाबरलं पाहिजे, सेटवरचं नाही

याला अपवाद नाही. ‘द शायनिंग’ (१९८०) मध्ये लहान मुलाची भूमिका करणाऱ्या डॅनी लॉइडला शूटिंग चालू असताना आपण भयपटात काम करतो आहोत हे ठाऊकच नव्हतं. हॉटेलात राहणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट एवढंच त्याला माहीत होतं. तरी त्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहणाऱ्याला खरी वाटते, कारण पडद्यावरची भीती कापून जोडलेल्या तुकड्यांतून तयार होते.

मी मुलांपासून गोष्ट पूर्ण लपवत नाही, वयाला झेपेल तेवढी सांगते. पण जे भयंकर आहे ते त्यांच्या वाट्याला कधी येऊ देत नाही. मूल आणि राक्षस एका फ्रेममध्ये असतील तेवढेच एकत्र शूट होतात, बाकी सगळं वेगळं. मेकअप मुलासमोर चढवायचा, म्हणजे आतला माणूस कोण ते त्याला माहीत असतं. भांडणाचा सीन मुलाच्या जागी मोठ्या माणसाला उभं करून पाठमोरा घ्यायचा. घाबरल्याचा क्लोजअप हवा असेल तर ‘घाबर’ असं म्हणायचंच नाही. ‘लांब कुठेतरी घड्याळ वाजतंय, किती ठोके पडले ते मोज’ असं सांगायचं. मोजणाऱ्या मुलाचा चेहरा कान देऊन ऐकणाऱ्या मुलाचा असतो. मागे योग्य आवाज घातला की तो भीतीचा होतो.

थांबायचा एक शब्द ठरवा. तो मुलाने स्वतः निवडावा. रंगीत तालमीत तो शब्द विनाकारण वापरायला लावा आणि अख्खं युनिट तत्क्षणी थांबतं हे त्याला पाहू द्या. नाहीतर खरी वेळ आली की मूल तो वापरत नाही. घाबरून नव्हे, मोठ्यांचा खोळंबा होईल म्हणून. ज्या मुलांना घरीदारी ‘समजूतदार’ म्हणून वाढवलेलं असतं ती तर मुळीच वापरत नाहीत, आणि वेगळ्या पार्श्वभूमीतून शोधून आणलेल्या, पहिल्यांदाच सेटवर आलेल्या मुलांत अशी पुष्कळ असतात. पालक किंवा विश्वासातला माणूस कायम नजरेच्या टप्प्यात हवा. लहान मुलांच्या कामाच्या तासांचे तुमच्या ठिकाणचे नियम आधी पाहून ठेवा, आणि ते नियम जितके तास देतात त्याहून कमीच धरा. दिवस संपला की भूमिकेचे कपडे मुलाने स्वतः काढून खुंटीला लावायचे, पात्राला नाव घेऊन ‘उद्या भेटू’ म्हणायचं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण मुलांना ते लागतं.

आणि ज्या आघाताबद्दल कथा आहे तो त्या मुलाच्या खऱ्या आयुष्यात आहे का, हे पालकांना एकांतात नक्की विचारा. हो असेल तर भूमिका दुसऱ्याला द्या. ‘खरेपणा येईल’ हा मोह इथे टाळायचाच.

७. अंधारात प्रत्येक चेहरा दिसला पाहिजे

भयपटात वैविध्य हरवतं ते बहुतेक वेळा लाइटिंगमध्ये, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवरून प्रकाश कमी परततो. अंधाऱ्या सीनमध्ये उजळ चेहऱ्यावर एक्स्पोजर लावलं की शेजारचा सावळा चेहरा नुसते डोळे आणि दात होऊन उरतो. याला निसर्ग जबाबदार नाही. कोडॅक कंपनीच्या फिल्मच्या काळात फोटो छापताना रंग जुळवायला जे कार्ड वापरत त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तिची त्वचा नीट आली की छपाई नीट, असं अनेक दशकं चाललं. कॅमेरे बदलले, सवय मात्र लाइट लावणाऱ्याच्या हातात राहिली.

करायचं काय? लाइट वाढवू नका, मोठा करा. थेट मारलेल्या दिव्याऐवजी तोच दिवा भिंतीवर किंवा पांढऱ्या थर्माकोलवर मारून बाजूने येऊ द्या. सावळ्या गालाच्या वळणावर त्याचं प्रतिबिंब उमटतं आणि चेहऱ्याला आकार येतो. त्वचेवर पावडर थापू नका, उलट थोडं मॉइश्चरायझर लावा. मागची भिंत गडद असेल तर चेहऱ्याच्या बाजूने ती जराशी उजळा, म्हणजे डोक्याची कड सुटते. उजळ त्वचेचा कलाकार बरोबर असेल तर त्याच्यावरचा प्रकाश कटरने, म्हणजे दिव्यापुढे धरलेल्या काळ्या पट्टीने, कमी करा. नेहमी उलट होतं, सावळ्या कलाकारावर भगभगीत दिवा मारला जातो आणि तो त्याच खोलीतला वाटेनासा होतो.

मॉनिटरवर डोळ्यांनी ठरवू नका. अंधाऱ्या खोलीत मॉनिटर फसवतो. वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) किंवा फॉल्स कलर (उजेडाची पातळी रंगांत दाखवणारी सोय) लावून चेहऱ्याची पातळी पाहा. नॉइज, म्हणजे चित्रात दाणे, येणार नाही इतपत उजळ शूट करून ग्रेडमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड जुळवताना, खाली आणणं केव्हाही बरं. काळोखात शूट करून नंतर वर उचललेला चेहरा आधी दाण्यादाण्याचा होतो, आणि सर्वांत आधी सावळाच. हे सगळं शूटच्या दिवशी शिकता येत नाही. आधी एक संध्याकाळ काढून सगळ्या मुख्य कलाकारांना एका फ्रेममध्ये बसवा आणि टेस्ट घ्या.

८. ऐकू न येणाऱ्यासाठीही घाबरण्याची सोय करा

सबटायटल म्हणजे संवादांचं भाषांतर एवढंच नव्हे. भयपटाची अर्धी भीती आवाजात असते, ती लिहावी लागते. ‘[भीतीदायक संगीत]’ असं लिहिणं म्हणजे बहिऱ्या प्रेक्षकाला ‘आता घाबर’ अशी सूचना देणं. ‘[पावलं दाराबाहेर थांबतात]’ असं लिहा. वेळेलाही जपा: आवाजाच्या आधी ओळ उमटली तर धक्का गेलाच. ज्या आवाजाचा मालक अजून उघड व्हायचा आहे तिथे ओळीत त्याचं नाव घालून रहस्य फोडू नका.

माझ्या संहितेत भूत परकी भाषा बोलतं. ती पडद्यावर भाषांतर करून दाखवायची की नाही, यावर मी आणि संकलक आठवडाभर भांडलो. शेवटी दाखवायची नाही असं ठरलं. ती भाषा येणाऱ्या प्रेक्षकाला मुलीइतकंच कळतं, न येणाऱ्याला आईइतकंच. दोघंही घाबरतात, वेगवेगळ्या कारणांनी.

९. दाखवण्याआधी दाखवा, आणि शेवट ज्यांनी ते जगलंय त्यांच्या हाती द्या

कच्चा कट सहा-सात जणांना दाखवा. त्यांत तुमच्या पात्रांच्या जगातले निदान दोघं हवेत, आणि तुमचे मित्र शक्यतो नकोत. लघुपट संपल्यावर लगेच मत विचारू नका. पाणी द्या, दहा मिनिटं जाऊ द्या. मग विचारा: कुठे खोटं वाटलं? कोणाची काळजी वाटली? कुठे उठून जावंसं वाटलं, आणि ते भीतीने की अपमानाने? भीती ठेवायची, अपमान काढायचा. सुरुवातीला आशयाची साधी सूचना द्या: लहान मुलावरील हिंसा, आजारपण, जे असेल ते एका ओळीत. कोणाचीही भीती त्याने कमी होत नाही, आणि ज्याला आज नको आहे त्याला उठून जाता येतं.

लांबीबद्दल थोडक्यात. ऑस्करच्या नियमांत ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो, पण पहिल्या प्रयत्नाला दहा-बारा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. एक मूल, एक घर, एक भीती. सगळ्या समाजघटकांना एकेक मिनिट वाटण्यापेक्षा एकाच घराला बारा मिनिटं द्या.

आणि शेवट. माझ्या पहिल्या शेवटात मुलगी धीर करून आईला खरं वाक्य सांगते आणि आवाज थांबतो. मला तो फार आवडायचा. ज्या बाईंनी संहिता वाचली होती त्यांनी कच्चा कट पाहिला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे तिने नीट भाषांतर केलं असतं तर भूत आलंच नसतं, असंच ना? चूक तिचीच?’ मी शकुनांबद्दल, मुलांच्या अपराधभावाबद्दल सगळं वाचलेलं होतं, आणि तरीही नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर तेच ओझं परत ठेवून तिची सुटका झाली असं म्हणत होते.

शेवट पुन्हा शूट केला. दवाखाना. आई दारातच थांबते आणि तिला येत असलेल्या त्या भाषेतल्या दोन-चार शब्दांत, अडखळत, दुसरा दुभाषी मागते. आत एक अनोळखी बाई येते, दार लागतं. मुलगी बाहेर बाकावर बसलेली. आतून बोलण्याचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. दाराखालच्या फटीतून भुताचा तो आवाजही कुजबुजतो आहे, अजूनही. मुलगी फटीकडे बघते, मग खिशातून एक बटण काढते आणि बाकावर गोल फिरवत राहते. संकलकाला हा शॉट बारा सेकंदांवर कापायचा होता. आम्ही एकतीस ठेवला.